पाळी गेल्यावर जोर-बैठका

गावोगावच्या महिला मेळाव्यांत बियाणे, बीजप्रक्रिया, फवारणी यांचे बोलणे झाले, की चार जणी मागे रेंगाळतात. पुरुष मंडळी तोवर उठून गेलेली असतात. मग खालच्या आवाजात विषय निघतो. गुडघे धरतात, उठताना हात टेकावा लागतो, रात्री अंगातून वाफा निघतात, पाळी दोन वर्षांपासून बंद आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी 'व्यायाम करा' म्हणून सांगितलेले असते आणि ते सांगताना सगळ्याच हसतात. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईने आणखी व्यायाम तो कशाला करायचा? प्रश्न रास्त आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या आठवड्यात पिकाचा विषय बाजूला ठेवते.

मी डॉक्टर नाही, शेतकी पदवीधर आहे. परंतु पन्नाशी मीही ओलांडली आहे, आणि जमिनीचे खाते-पुस्तक लिहिता लिहिता शरीराच्या जमाखर्चाकडेही आता लक्ष जाते.

आपल्या देशात पाळी बंद होण्याचे वय सरासरी ४६-४७ आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. म्हणजे पाळी गेल्यावर आपल्या बाईला पंचवीस-तीस वर्षे काढायची असतात. या वयात बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक आटते. हाड हे लाकडाच्या ओंडक्यासारखे निर्जीव नसते. ते एकीकडून झिजत असते व दुसरीकडून भरत असते. पावसाळ्यात बांध वाहतो आणि आपण त्यावर पुन्हा माती चढवतो, तसे ते काम रोज चालू असते. इस्ट्रोजेन ही झीज आवरून धरते. ते कमी झाले की झीज पुढे जाते व भर मागे राहते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा दहा टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो, काही जणींचा त्याहून अधिक. वाईट हे, की या काळात दुखत काहीच नाही. पुढे कधीतरी न्हाणीत पाय घसरतो, हात टेकतो आणि मनगट मोडते. त्यानंतर पाठीचे मणके आतल्या आत दबतात. 'म्हातारी वाकली' असे आपण म्हणतो आणि वयावर ढकलतो, पण पुष्कळदा ते मोडलेले मणकेच असतात. सगळ्यांत वाईट खुब्याचे हाड मोडणे. त्यातून उठलेली बाई पूर्वीसारखी क्वचितच चालते. स्नायूंचीही हीच गत. तिशीनंतर ते दर दहा वर्षांनी थोडे थोडे उतरत असतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो.

हाडांची कमाई साधारण तिशीपर्यंतच होते. लेकीला मैदानावर जाऊ द्यावे, याचे हे एक मोठे कारण आहे. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले, सुवर्णपदक आणले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. सगळ्याच मुली तिथवर जाणार नाहीत. पण शाळेत खो-खो खेळलेली मुलगी हाडांची जी पुंजी जमवते, ती तिला पन्नाशीनंतर उपयोगी पडते.

हे झाले पाळी आपल्या वेळेला जाणाऱ्या बाईचे. आपल्या भागात दुसराही प्रकार आहे आणि त्याबद्दल उघड बोलले जात नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याची ओरड झाली. तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. ऊसतोडीला आपल्या भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतूनही 'कोयते' जातात. उचल घेतलेली, एक दिवस चुकला तर खाडा पडणार, फडावर आडोसा नाही, पाण्याची सोय नाही. पाळीचा त्रास, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, यावर साधे औषध चालले असते तिथे 'पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेली आणि तिशी-पस्तिशीतच ऑपरेशने झाली. काहींना ते खरेच लागते, हे मी नाकारत नाही. पण सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय कोणीही टेबलावर चढू नये.

आता हाडांशी याचा संबंध पाहा. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले असतील, तर त्या दिवसापासूनच इस्ट्रोजेन थांबते. पस्तिशीच्या बाईची हाडे पन्नाशीच्या वाटेला लागतात. बीजांडकोश ठेवले असले तरी ते पुष्कळदा काही वर्षे आधीच थकतात. तेव्हा ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी दवाखान्यातून मिळालेले कागद शोधून ठेवावेत. बीजांडकोश काढले की ठेवले, एवढी एक गोष्ट त्यावरून डॉक्टरांकडून समजून घ्यावी. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढले असतील, तर हाडांसाठी औषध लागते का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला मुद्दाम विचारावे. हंगामाच्या घाईत हे कागद हरवतात. सातबारा जपता तसे ते जपा.

आता मूळ प्रश्न. रानातले काम म्हणजे व्यायाम नव्हे का? दमछाकीचा व्यायाम म्हणून ते भरपूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितले, त्यात आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम आहे. यातला पहिला भाग आपली बाई एका सकाळीच निम्मा करते. कोजागिरीला सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर पायी चालत तुळजापूर गाठणाऱ्या बायकांना दमाचे धडे द्यायला नकोत. राहतो तो दुसरा भाग. नुसत्या चालण्याने हाडांची भर फारशी होत नाही.

खुरपणी घ्या, सोयाबीनची काढणी घ्या. एकाच बाजूला वाकणे, उकिडवे बसणे, तीच बोटे, तेच मनगट, दिवसातून हजार वेळा. शरीराला ते ओझे वर्षानुवर्षे सवयीचे झालेले असते आणि सवयीच्या ओझ्याने हाड नवे काही बांधत नाही. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरट केली तर खाली कठीण थर धरतो, मुळे तिथे अडतात, हे आपण जाणतोच. १९८४ साली रुबिन आणि लॅन्यन या शास्त्रज्ञांनी पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर मोजून दाब दिले. दिवसाला फक्त ३६ दाबांनी हाड वाढले, आणि दाब १,८०० पर्यंत नेले तरी त्याहून अधिक वाढले नाही. हाडाला मोजके, पण नेहमीपेक्षा जड असे ओझे लागते, आणि मग विश्रांती लागते. रानातल्या कामात नेमके उलटे होते, ओझे हलके आणि फेऱ्या अगणित. पूर्वी जाते आणि मुसळ होते, त्यात खांद्या-दंडांना जोर लागे. पिठाची गिरणी आली हे फार चांगले झाले, पण त्या जोराच्या जागी दुसरे काही आले नाही.

कोणी म्हणेल, उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढणाऱ्या बाईला जड ओझे कमी आहे का? तिला ते अति आहे. तीस-चाळीस किलोची मोळी, मानेवर आणि मणक्यांवर, पहाटेपासून, रोज, अर्धपोटी. हंगाम चालू असताना तिला मी बैठका सांगणार नाही. तिला झोप, जेवण आणि मोळीचा आकार लहान करून हवा. गावी परतल्यावर पंधरा दिवस अंग मोकळे होऊ द्यावे, मग पुढचे वाचावे.

या वयात ताकद वाढते का, ही शंकाही काढून टाकते. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांना आठ आठवडे पायांच्या वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर खास आपल्या विषयाचा आहे. हाडे विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायका त्यात घेतल्या होत्या. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. मात्र तिथे शिकवणारी माणसे शेजारी उभी होती. आपल्याला हळूहळू चढायचे आहे.

साधने घरचीच. पाण्याची बादली, पाच लिटरचा कॅन, लिटरच्या दोन बाटल्या, बाज आणि भिंत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाटाही लागत नाही. बादलीवर आतून लिटरच्या खुणा करून घ्याव्यात. (कीटकनाशकाचा रिकामा कॅन मात्र धुऊनसुद्धा घरात आणू नये. हे मी प्रत्येक मेळाव्यात सांगते आणि प्रत्येक गावात एखाद्या दारात तो दिसतोच.)

पहिली बैठक बाजेची. बाजेच्या किंवा खुर्चीच्या काठावर बसावे, हात छातीशी बांधावेत, हात न टेकता उभे राहावे, आणि तीन म्हणेपर्यंत सावकाश परत बसावे. धपकन बसू नये, सावकाश बसण्यातच अर्धा फायदा आहे. गुडघे दुखत असतील तर बाजेवर घोंगडी टाकून उंची वाढवावी. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण हलका होतो, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी ही बैठक टाळू नये. सोपी वाटू लागली की कॅन छातीशी धरावा.

दुसरे, बादली उचलणे. हे नीट शिकावे, कारण पोते, घागर, वैरणीची पेंडी सगळे याच रीतीने उचलायचे असते. पाय खांद्याइतके फाकवून, बादली दोन्ही पायांच्या मध्ये ठेवावी. गुडघे थोडे वाकवावेत, ढुंगण मागे न्यावे, पाठ पाटासारखी सरळ ठेवावी, आणि कडी दोन्ही हातांनी धरून मांड्यांच्या जोरावर उभे राहावे. त्याच वाटेने खाली ठेवावी. पाठीची कमान होता कामा नये. सुरुवातीला बादलीत पाच लिटर पाणी पुरे, आणि बादली खाली जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी.

तिसरे भिंतीचे जोर. तालमीतले जोर जमिनीवर, आपले भिंतीवर. दोन पावले मागे उभे राहून तळहात भिंतीला लावावेत, छाती भिंतीकडे न्यावी व ढकलून परत यावे. पुढे हेच ओट्याच्या काठावर करावे. चौथे, एक हात ओट्यावर टेकून दुसऱ्या हाताने कॅन जमिनीकडून कमरेपर्यंत ओढणे, विहिरीतून पोहरा शेंदल्यासारखे. पाचवे, दोन बाटल्या खांद्यापासून डोक्यावर सरळ नेणे. आणि शेवटी, दाराची चौकट धरून टाचा उचलणे व टेकणे. तोल सांभाळण्यासाठी दात घासताना एका पायावर उभे राहावे, भिंत हाताशी असावी.

प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा, मग दीड-दोन मिनिटे बसून विसावा, मग दुसरी फेरी. पहिला पंधरवडा एकच फेरी. श्वास कोंडू नये, उचलताना सोडावा. शेवटचे दोन वेळचे उचलणे अवघड वाटले पाहिजे. बाराही सहज होऊ लागले आणि ते सलग दोन खेपा झाले, की एक लिटर पाणी वाढवावे. इथेच बहुतेक जणी चुकतात. महिनोन्महिने तीच पाच लिटरची बादली उचलत राहतात, आणि मग तीही खुरपणीसारखीच सवयीची होते. दुसऱ्या दिवशी मांड्या जडावतील, त्याला भिऊ नये. सांध्यात कळ आली तर मात्र थांबावे. आठवड्यातून दोन दिवस पुरेत : आठवडी बाजाराचा दिवस, आणि त्यानंतर तीन दिवसांनी. नत्राची मात्रा आपण विभागून देतो ना, तसेच हे. काढणीच्या धांदलीत एखादाच दिवस जमला तरी कमावलेले बरेचसे टिकते. नुसते सोडून देऊ नये.

आता लाजेमुळे राहून जाणारा भाग. खोकताना, ओझे उचलताना लघवीचे थेंब जातात का? लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतो, ते बसल्या जागी आवळून पाचपर्यंत मोजावे, सैल सोडून पाचपर्यंत मोजावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हे करत बसू नये. तीन महिने नेमाने केल्यावर बहुतेकींना फरक पडतो. ओझे उचलण्याआधीही एकदा आवळावे. अंग बाहेर येत असेल, तर बादलीला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. हे बाळंतपणाचे भोग म्हणून सोसण्याचे दुखणे नव्हे, त्यावर उपाय आहेत.

आधी डॉक्टरांना विचारावे अशा आणखी काही जणी आहेत : साध्या धक्क्याने हाड मोडलेल्या, उंची कमी झालेल्या, पाठीत अचानक जोराची कळ आलेल्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या, चालताना छातीत दुखणाऱ्या, आणि अलीकडेच पोटाचे ऑपरेशन झालेल्या. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर ते थोडेसे असले तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. त्याचा व्यायामाशी संबंध नाही, पण हे वाक्य कोणी वाचून सोडू नये.

अंगातल्या वाफांबद्दल जणी विचारतात. व्यायामाने वाफा थांबतात असे खात्रीने सांगता येत नाही. झोप व मनाची उलघाल सुधारते, आणि तेही थोडे नाही. वाफांनी हैराण असणाऱ्यांसाठी डॉक्टरांकडे औषधे आहेत.

जेवणावाचून ताकद बांधली जात नाही. घरात सगळ्यांची ताटे होऊन बाई बसते, तोवर वरणाचे नुसते पाणी उरलेले असते. प्रथिने कशातून येणार? हुलगे, मटकी, तूर, शेंगदाणे, अंडे, दूध यांपैकी दोन गोष्टी रोज तिच्या ताटात पडल्या पाहिजेत, आणि आधी काढून ठेवल्या तरच पडतील. पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते, तीळ त्याहून कितीतरी सरस, म्हणून तिळाची चटणी संक्रांतीपुरती ठेवू नये.

आणि सोयाबीन. आपल्या जिल्ह्याचे खरिपातले हे मुख्य पीक, शंभर ग्रॅममागे पस्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने, आणि शेवटच्या दाण्यापर्यंत सगळे मोंढ्यावर जाते. घरासाठी वर्षाला एक पोते राखून ठेवावे. कच्चे सोयाबीन पचनाला बाधते, ते तसेच दळू नये. निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकडावे, निथळून उन्हात कडक वाळवावे, आणि नऊ किलो गहू किंवा ज्वारीमागे एक किलो या प्रमाणात मिसळून गिरणीतून आणावे. भाकरीची चव बदलत नाही. घरच्यांना आधी सांगायचे की नंतर, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एकटीने सुरुवात करणे जड जाते. बचत गटाच्या बैठकीला दहा-बारा जणी जमतातच, त्याच दिवशी हप्ते गोळा होण्याआधी दोन फेऱ्या करून घ्याव्यात. पहिल्या दिवशी घड्याळ लावून प्रत्येकीने हात न टेकता बाजेवरून किंवा खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजावे. साठीच्या बाईला बाराच्या खाली उठता आले, तर पाय कमजोर समजावेत. हा आकडा आणि बादलीतले लिटर गटाच्या वहीत नावापुढे लिहून ठेवावेत, आणि तीन महिन्यांनी त्याच बाजेवर पुन्हा मोजावे.